१६ एप्रिल आणि २३ सप्टेंबर

कलोडनच्या माळावर दगडांना तोटा नाही. स्कॉटलंडातल्या इनव्हर्नेसच्या पूर्वेला पाचेक मैलांवरचा हा पसरट, पाणथळ माळ. गवत, हेदरची खुरटी झुडपं आणि त्यांतून डोकं वर काढणारे दगड. एकेकावर एकेका कुळाचं नाव: फ्रेझर, कॅमेरॉन, मॅकिंटॉश. प्रेतं कुणाची ते ओळखताच आलं नाही तिथे 'मिश्र कुळे'. या सगळ्यांपासून जरा फटकून आणखी एक दगड आहे. त्यावर कोरलंय, 'इंग्रजांचे मैदान. त्यांना येथे पुरले.'

मला या माळावरचा सगळ्यांत खोटा दगड हाच वाटतो. आणि सगळ्यांत बोलकाही हाच.

१६ एप्रिल १७४६ ला इथे जी लढाई झाली ती तासभरही चालली नाही. एका बाजूला तख्त गमावलेल्या स्टुअर्ट घराण्याचा राजपुत्र चार्ल्स एडवर्ड, दुसऱ्या बाजूला राजा दुसऱ्या जॉर्जचा मुलगा, कंबरलंडचा ड्यूक. चार्ल्सची माणसं आदल्या रात्री छापा घालायला निघाली होती आणि छापा न घालताच उजाडता उजाडता परतली होती. पोटात अन्न नाही, डोळ्यांना झोप नाही. समोरून तोफा सुरू झाल्या आणि हायलँडच्या, म्हणजे स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या डोंगराळ मुलखातल्या, माणसांची ती प्रसिद्ध तलवारीची धाव चिखलात रुतली. चार्ल्सकडचे सुमारे दीड हजार पडले. सरकारी बाजूचे मेले पन्नास, असं सरकारी आकडा सांगतो.

आता तो दगड. सरकारी फौजेत बहुसंख्य पलटणी इंग्रज होत्या, हे खरंच. पण पहिल्या रांगेत रॉयल स्कॉट्स होते, स्कॉट्स फ्युझिलिअर्स होते, आणि बगलेला कॅम्पबेल कुळाची शिबंदी होती. हायलँडचीच, गेलिक बोलणारी. चिझम कुळाच्या प्रमुखाचा एक मुलगा राजपुत्राच्या बाजूने लढताना पडला, तेव्हा त्याचे दोन सख्खे भाऊ समोरच्या फौजेत अधिकारी होते. राजपुत्राचा जन्म रोमचा, आणि त्याची नजर लंडनच्या तख्तावर. १७४५ च्या डिसेंबरात तो त्यासाठी पार इंग्लंडातल्या डर्बीपर्यंत जाऊन आला होता. भाऊबंदकी म्हणा, तख्ताचा वाद म्हणा, कॅथलिक-प्रॉटेस्टंट तेढ म्हणा; स्कॉटलंड विरुद्ध इंग्लंड एवढं एकच काय ते म्हणता येत नाही.

मग हे दगड कुणी बसवले? डंकन फोर्ब्स नावाच्या तिथल्या जमीनदाराने, १८८१ मध्ये. लढाईच्या काळात याच घराण्यातला, याच नावाचा पूर्वज स्कॉटलंडच्या सर्वोच्च न्यायालयाचा प्रमुख होता, आणि हायलँडमधले कितीतरी कुळप्रमुख राजाकडून फुटू नयेत म्हणून त्याने जिवाचं रान केलं होतं. म्हणजे ज्या घराने बंड मोडायला हातभार लावला, त्याच घराने बंडखोरांच्या समाध्या बांधल्या. मधल्या मोठ्या मनोऱ्यावर लिहिलंय की हे शूर हायलँडर 'स्कॉटलंडसाठी आणि राजपुत्र चार्लीसाठी' लढले. १३५ वर्षांत घराण्याचा झगडा देशाचा झाला होता. अशी कामं काळाने आपल्याकडेही केली आहेत, त्यामुळे मी फार हसत नाही.

पण म्हणून हा सल बनावट आहे असं म्हणायची सोय नाही. लढाई संपल्यावर जखमींना माळावरच मारलं गेलं. कंबरलंडला 'कसाई' हे नाव लंडनमध्येसुद्धा चिकटलं. तीन हजारांवर कैदी. त्यांतल्या सुमारे १२० जणांना देहदंड, नऊशेहून अधिक समुद्रापार वसाहतींत रवाना. खेडी जाळली, गुरं हाकून नेली. कुळप्रमुखांचे न्यायनिवाड्याचे वंशपरंपरागत हक्क कायद्याने काढून घेतले. किल्ट आणि टार्टन या चौकटीच्या कापडावर बंदी आली. त्या बंदीत एक पळवाट होती आणि मला ती सगळ्या कायद्यापेक्षा जास्त चलाख वाटते: राजाच्या फौजेत असाल तर किल्ट चालेल. बापाचा पोशाख घालायचा असेल तर बापाला मारणाऱ्यांच्या सैन्यात भरती व्हा. हा कायदा १७८२ मध्ये उठला. तोवर एका पिढीला किल्ट म्हणजे फौजेचा गणवेश एवढंच ठाऊक होतं.

दरवर्षी १६ एप्रिलच्या आसपासच्या शनिवारी गेलिक सोसायटी ऑफ इनव्हर्नेस ही १८७१ पासूनची संस्था माळावर स्मरणसभा घेते. मी गेले त्या वर्षी आभाळ भरून आलेलं, वारा बोचरा. पाइपवाल्याने शोकाची धून धरली, गेलिकमधून प्रार्थना झाली, भाषण झालं, कुळांच्या मंडळांनी मनोऱ्यापाशी पुष्पचक्रं ठेवली. कॅनडातून, कॅरोलिनातून आलेली माणसं होती. टोपीला स्टुअर्टांच्या बाजूची खूण म्हणून पांढऱ्या फितीची फुलं. भाषा कळत नव्हती, तरी शेजारच्या बाई हळू आवाजात अर्थ सांगत होत्या. त्यांच्या सांगण्यातून कळलं ते इतकंच, की मेलेल्यांची नावं घेतली जातायत. इंग्रजांना शिव्या मी ऐकल्या त्या नंतर, पार्किंगमध्ये, आणि त्या इंग्रजीतून होत्या. पानिपताला १४ जानेवारीला काला आंबच्या स्मारकापाशी जमणाऱ्या आपल्या लोकांच्या तोंडावर जे असतं तेच इथे दिसलं: हरल्याचा ताठा. त्याला मी नावं ठेवणार नाही. जिंकलेल्यांच्या मिरवणुकीपेक्षा हा मला बरा वाटतो.

मी मूळची नगरची. कलोडनला माझं जाणं केवळ फिरस्तीचं नव्हतं, त्यामागे नगरचं एक कारण होतं.

ज्या किल्ल्यात १९४२ मध्ये नेहरूंना ठेवलं, तो आमचा किल्ला आणि शेजारची पेठ १८०३ च्या ऑगस्टात कंपनीच्या फौजेने घेतली. सेनापती आर्थर वेलस्ली. ८ ऑगस्टला पेठ पडली, १२ ला किल्ला. शाळेत आम्हाला सांगितलं होतं, 'इंग्रजांनी नगर घेतलं.' त्या वेळी वेलस्लीच्या छावणीत पेशव्यांच्या बाजूचे मराठा सरदारही होते, कारण दुसऱ्या बाजीरावाने आदल्या वर्षअखेरीस वसईचा तह केला होता. त्यांतल्या गोखल्यांनी पेठेचा हल्ला डोळ्यांनी पाहिला आणि पुण्याला आपल्या स्नेह्यांना कळवलं. ते पत्र इंग्रजी ग्रंथांत वारंवार येतं. भावार्थ असा: हे इंग्रज मोठे विचित्र लोक, आणि त्यांचा सेनापती तर अजबच. सकाळी आले, पेठेच्या भिंतीकडे पाहिलं, तिच्यावरून चालत गेले, आतली शिबंदी कापली आणि न्याहारीला परत आले.

गोखल्यांची शैली झकास आहे. पण भिंतीवरून चालत जाणाऱ्यांत आघाडीला होती ७८वी पलटण, रॉस-शायरच्या हायलँडरांची. त्यांतल्या पुष्कळांची भाषा गेलिक. सेनापती जन्माने डब्लिनचा. लंडनमधला एखादा शिंपी त्या पोरांशी बोलायला गेला असता तर त्याला दुभाष्या लागला असता. आणि आम्ही दोनशे वर्षं त्यांना इंग्रज म्हणत आलो. एल्फिन्स्टन इंग्रज, माल्कम इंग्रज, मराठ्यांचा इतिहास लिहिणारा ग्रँट डफ इंग्रज. तिघेही स्कॉटिश.

ही ७८वी कुठून आली त्याची हकिगत मला नगरच्या पेठेपेक्षाही नवलाची वाटते, आणि तिच्यात मध्येच आपला विजयदुर्ग येतो.

मॅकेन्झी हे रॉस-शायरचं मोठं कुळ. १७१५ च्या बंडात त्यांचा प्रमुख स्टुअर्टांच्या बाजूने लढला आणि सीफोर्थची सरदारकी घालवून बसला. १७४५ ला त्याच्या मुलाने शहाणपणाने राजाची बाजू धरली. कुळातली पुष्कळ माणसं मात्र क्रोमार्टीच्या अर्लमागे बंडात गेली. नातवाने १७७८ मध्ये राजासाठी पलटण उभी करून घराण्यावरचा डाग पुसला. त्या पलटणीत मॅक्रे आडनावाचे खूप होते. एडिनबराजवळ लीथच्या बंदरात जहाजावर चढायची वेळ आली तेव्हा बातमी उठली की आपल्याला ईस्ट इंडिया कंपनीला विकलंय. झालं, शेकडो जण शहराशेजारच्या आर्थर्स सीट या टेकडीवर जाऊन बसले आणि खाली उतरेनात. माफी आणि आश्वासनं मिळाल्यावर उतरले. तीनेक वर्षांनी त्यांना हिंदुस्थानात पाठवलंच. मद्रासला पोचेपर्यंत वाटेत सुमारे अडीचशे जण मेले, बहुतेक स्कर्व्हीने. त्यांना घेऊन निघालेला प्रमुखही त्याच प्रवासात गेला.

कुळाचं प्रमुखपद मग चुलत घरातल्या टॉमस फ्रेडरिक मॅकेन्झी हंबरस्टनकडे आलं. तोही हिंदुस्थानातच लढत होता. १७८३ च्या एप्रिलात तो 'रेंजर' नावाच्या जहाजातून मुंबईहून दक्षिणेकडे निघाला असताना पेशव्यांचे सुभेदार आनंदराव धुळप यांच्या आरमाराने गाठलं. त्याच जहाजावर मॅक्लाउड कुळाचा प्रमुखही होता, तो जखमी झाला. हायलँडच्या दोन मोठ्या कुळांचे मुखिये, एका जहाजावर, कोकणच्या किनाऱ्याला! हंबरस्टन जखमांनी त्याच महिनाअखेरीस घेरियाला मेला. घेरिया म्हणजे विजयदुर्ग.

त्याच्यामागे भाऊ आला, फ्रान्सिस हंबरस्टन मॅकेन्झी, लहानपणच्या आजाराने कानांनी अधू. यानेच १७९३ मध्ये ७८वी उभी केली. त्याच्या एकच वर्ष आधी, १७९२ मध्ये, रॉस-शायरमध्ये काय झालं होतं? तिथले लोक त्या सालाला 'मेंढरांचं वर्ष' म्हणतात. जमीनदार कुळवाड्यांना उठवून तिथे मेंढ्यांचे मोठे कळप आणत होते. तेव्हा माणसं एकत्र जमली आणि हजारो मेंढ्या हाकत जिल्ह्याबाहेर काढायला निघाली. रक्ताचा थेंब न सांडता झालेलं हे बंड मोडायला फौज आली ती ब्लॅक वॉचची, पुन्हा हायलँडचीच. पुढच्या वर्षी त्याच दऱ्यांतून नव्या पलटणीची भरती झाली. घरचा एक मुलगा फौजेत गेला की धनी आपली जमीन राखील, ही त्या मुलखातली जुनी आशा. त्या आशेवर निघालेली पोरं दहा वर्षांनी आमच्या पेठेच्या भिंतीला शिड्या लावत होती.

आणि नगरनंतर दीड महिन्याने, २३ सप्टेंबर १८०३ ला, असई. जालना जिल्ह्यातलं हे गाव केळणा आणि जुई नद्यांच्या बेचक्यात आहे. एका बाजूला शिंदे आणि नागपूरकर भोसले. शिंद्यांच्या कवायती पायदळाचा मुख्य पोलमन हा हॅनोव्हरचा, म्हणजे कलोडनला जिंकलेल्या राजघराण्याच्याच मुलखातला. दुसऱ्या बाजूला वेलस्ली, मद्रासचे शिपाई, म्हैसूरचे आणि पेशव्यांचे घोडेस्वार, आणि ७४वी व ७८वी या दोन हायलँड पलटणी. खरा इंग्रज शोधायचाच तर १९व्या घोडदळात काही सापडले असते. चुकीच्या हुकमाने ७४वी गावाजवळच्या तोफांच्या थेट तोंडी गेली आणि तिचा जवळजवळ प्रत्येक अधिकारी मेला किंवा जखमी झाला. वेलस्लीचं एकूण नुकसान सोळाशेच्या घरात. त्याने जन्मभर असईला आपली सर्वांत मोठी लढाई मानलं असं सांगतात, वॉटर्लू त्यानंतरचं.

कंपनीने दोन्ही पलटणींना मानाचं निशाण दिलं. हत्तीचं चित्र आणि 'असई' हा शब्द त्यांच्या चिन्हांत आला. पुढे ७४वीची हायलँड लाइट इन्फंट्री झाली, आणि १९५९ मध्ये तिचं विलीनीकरण कुणाशी झालं असेल? स्कॉट्स फ्युझिलिअर्सशी, म्हणजे कलोडनला राजपुत्राच्या समोर उभ्या असलेल्या पलटणीशी. या पलटणीने आणि तिच्या वारसांनी २३ सप्टेंबर हा असईचा दिवस म्हणून पाळला. सीफोर्थ हायलँडर या ७८वीच्या वारसांचं संग्रहालय फोर्ट जॉर्जला आहे. तो किल्ला कलोडननंतर हायलँडरांच्या उरावर बसवायला म्हणून बांधला. बांधून होईपर्यंत १७६९ उजाडलं, आणि तोवर धाक दाखवायला बंडखोरच उरले नव्हते. मग तिथे हायलँडर पलटणींनाच ठेवू लागले.

म्हणजे एकाच मुलखाच्या दिनदर्शिकेत दोन तारखा. एप्रिलात 'इंग्रजांनी आम्हाला मारलं' आणि सप्टेंबरात, इंग्रजांच्या पगारावर, आम्ही मारलं. माझी तक्रार दोन तारखा असण्याला नाही. त्या कुणाच्या नसतात? तक्रार एवढीच की एप्रिलातला माणूस सप्टेंबरातल्या माणसाला ओळख दाखवत नाही. ज्याच्यावर अन्याय झाला तो पुढे दुसऱ्यावर तो करतो, त्याने पहिला अन्याय खोटा ठरत नाही, आणि दुसरा माफही होत नाही. पहिला सांगताना दुसरा गिळायचा, ही मात्र लबाडी आहे.

आणि घरातला खलनायक? त्याचं काय? रॉस-शायरमध्येच क्रोइक नावाचं एक एकाकी चर्च आहे. १८४५ च्या मे महिन्यात ग्लेनकॅल्व्ही दरीतल्या कुटुंबांना घरांतून काढलं, तेव्हा त्यांनी या चर्चच्या आवारात आडोसा बांधून दिवस काढले. म्हाताऱ्याकोताऱ्या, लेकरं, सगळी. खिडकीच्या शंकरपाळी काचांवर त्यांनी बाहेरून अक्षरं कोरली, ती आजही वाचता येतात. गेलिक ही त्यांची मायबोली, पण कोरलं इंग्रजीत. एके ठिकाणी आहे: ग्लेनकॅल्व्हीचे लोक, ती पापी पिढी. आपण पापी म्हणून देवाने ही वेळ आणली, असा त्यांचा हिशेब. जमीन ज्याची तो मालक स्कॉटिश, त्याचा कारभारी स्कॉटिश. ही गोष्ट जगासमोर आली ती लंडनच्या टाइम्स या वर्तमानपत्राने आपला बातमीदार तिथवर पाठवला म्हणून. काचेवर इंग्रजांबद्दल एक शब्द नाही. धन्याविरुद्धसुद्धा नाही.

मला वाटतं, 'इंग्रज' हा दोषी सापडायला फार सोयीचा आहे, तो इथूनच. ज्या कुळप्रमुखाला बापाच्या ठिकाणी मानलं, ज्याच्या नावाने लढलो, त्याने मेंढीच्या भावात आपल्याला विकलं, हे पिढ्यान्पिढ्या उरावर घेऊन जगणं अवघड. त्यापेक्षा लाल डगलेवाला परका बरा. शिवाय उठवलेल्यांचे वंशज कॅनडातल्या नोव्हा स्कोशियाला आणि न्यूझीलंडमधल्या ओटागोला गेले, आणि कुळप्रमुखाचे वंशज आजही कुळमेळाव्याला अध्यक्ष म्हणून बोलावले जातात. त्यांच्याबद्दल कसं बोलणार? अपवाद कुळवाडे उठवणाऱ्या सदरलंडच्या ड्यूकचा. गोल्स्पी गावावरच्या डोंगरात त्याचा टोलेजंग पुतळा आहे आणि तो पाडायचे बेत अधूनमधून होत असतात. पण तो ड्यूक इंग्रज होता, हे इथे लक्षात घ्यावं. जिच्या वारसाहक्काने ती सगळी जमीन त्याच्याकडे आली ती त्याची स्कॉटिश बायको, सदरलंडची काउंटेस. तिच्यावर कुणी इतका दात ठेवून नाही.

आपण यात वेगळे आहोत असं म्हणायची माझी हिंमत नाही. कलोडनच्याच दशकात, १७४२ पासून पुढे, नागपूरच्या रघूजी भोसल्यांच्या स्वाऱ्या बंगालवर गेल्या. असईला हरलेल्या रघूजींचे हे आजोबा. बंगाली आई बाळाला निजवताना आजही बर्गी आल्याची भीती घालते. ते बर्गी म्हणजे आपले बारगीर. कोलकात्याच्या मैत्रिणीने हे मला पहिल्यांदा ऐकवलं तेव्हा माझ्या तोंडून झटकन निघालं, "ते नागपूरकर गं, आम्ही नगरचे." अगदी ब्लॅक वॉचच्या चालीवर.

स्मरणसभेनंतर माहिती केंद्राच्या कॅफेत बसले होते. समोर नोव्हा स्कोशियाचे एक निवृत्त गृहस्थ, गळ्यात मॅकेन्झींच्या टार्टनचा टाय. मी भारतातली म्हटल्यावर त्यांचा चेहरा खुलला. "म्हणजे इंग्रज काय असतात ते तुम्हाला सांगायलाच नको," ते म्हणाले. मी म्हटलं, "सांगा ना. पण तुमचा तो १७८३ चा प्रमुख, हंबरस्टन, तो कुठे मेला ठाऊक आहे?"

"हिंदुस्थानात, लढताना. फ्रेंचांशी ना?"

"नाही. आमच्याशी. माझ्या राज्यातल्या एका किल्ल्यावर."

त्यांनी कप खाली ठेवला आणि मला सगळं नीट सांगायला लावलं: धुळप, रेंजर, घेरिया. मग नगरची भिंत, मग असई. मध्ये दोनदा म्हणाले की हे कुळाच्या पुस्तकात नाही. शेवटी हसले. "म्हणजे आता माझ्या यादीत मराठेही घालायचे?"

"घाला. आमच्या यादीत तुम्ही आधीपासून आहात. फक्त इंग्रज या नावाखाली."

त्यावर त्यांनी विजयदुर्गला मुंबईहून कसं जायचं ते विचारलं. मी कोकण रेल्वे, कणकवली आणि पुढे एसटी असं कागदावर लिहून दिलं. पावसाळ्यात येऊ नका, हेही सांगितलं. कॉफीचे पैसे मात्र त्यांनी मला देऊ दिले नाहीत.